फोटो काढायचा कसा आणि दुसऱ्याचा फोटो पाहायचा कसा?



मोबाईल घरोघरी आला आणि फोटो काढणं ही रोजची गोष्ट झाली. आपल्या उजनीकाठी तर विषयांची कमतरताच नाही. करमाळा तालुक्यातली कुगाव, केत्तूर, चिखलठाण, वांगी ही गावं घ्या, नाहीतर पाण्यापलीकडची इंदापूर तालुक्यातली कळाशी, पळसदेव, कुंभारगाव घ्या. हिवाळ्यात रोहित पक्षी म्हणजे आपले फ्लेमिंगो, बारा महिने होड्या आणि जाळी, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येणाऱ्या जुन्या भिंती. फोटो भरपूर निघतात आणि एकमेकांना पाठवलेही जातात. त्यावर उत्तर काय येतं? "छान", "मस्त", "एक नंबर", नाहीतर नुसता अंगठा. पाठवणाऱ्याला बरं वाटतं, पण त्याचा पुढचा फोटो आधीच्यासारखाच निघतो.

या पाठात आपण दोन गोष्टी शिकणार आहोत. पहिली, फोटोची चौकट आणि प्रकाश कसा सांभाळायचा. दुसरी, दुसऱ्याच्या फोटोवर असं बोलायचं की ऐकणारा उद्या पुन्हा त्याच काठावर जाईल आणि आजच्यापेक्षा चांगला फोटो घेऊन येईल. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, पण सरावाने ती पाचवी-सहावीच्या मुलांनाही जमते.

एकमेकांचे फोटो पाहणं ही जुनी रीत आहे

फोटो एकत्र मांडून त्यावर बोलणं मोबाईलमुळे सुरू झालं असं वाटेल, पण तसं नाही. मुंबईत १८५४ साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली. त्या काळी फोटो काढायचा तर काच किंवा कागद रसायनं लावून आपणच तयार करावा लागे. सभासद एकत्र जमायचे, आपले फोटो दाखवायचे, कुणाची कृती कुठे बिघडली यावर चर्चा करायचे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः फोटो काढत आणि या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होते. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. १८५६ पासून 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' हा मासिक संग्रह निघू लागला. त्याच्या नावातच 'हौशी' हा शब्द आहे.

म्हणजे आपल्याकडे फोटोग्राफी आली तेव्हापासून हौशी माणसं एकमेकांकडूनच शिकत आली आहेत. आज साधन स्वस्त झालंय आणि फोटो क्षणात निघतो. मात्र फोटोसमोर थांबून बोलायची सवय मागे पडली.

भाग १ : चौकट

फोटो म्हणजे समोरच्या मोठ्या दृश्यातून कापून घेतलेला एक तुकडा. तो कुठून कापायचा हे ठरवणं म्हणजेच रचना. आपल्या भागातली उदाहरणं घेऊन पाच गोष्टी पाहू.

१. पाण्याची रेघ सरळ ठेवा. धरणाच्या फुगवट्यावर आकाश आणि पाणी जिथे मिळतात ती रेघ थोडी जरी तिरकी झाली तरी डोळ्याला टोचते. आमच्या वर्गात मुलं म्हणतात, "पाणी सांडतंय." मोबाईलच्या कॅमेऱ्यात 'ग्रिड' नावाची जाळी सुरू करता येते. तिच्या आडव्या रेघेशी पाण्याची रेघ जुळवा.

२. रेघ मधोमध हवीच असं नाही. आकाशात रंग असतील तर आकाशाला दोन भाग आणि पाण्याला एक भाग द्या. आकाश नुसतं पांढरट असेल तर उलट करा. पाण्यातलं प्रतिबिंब दाखवायचं असेल तेव्हा मात्र रेघ मध्यावर शोभते. म्हणून हा नियम आंधळेपणाने पाळायचा नाही, काय दाखवायचंय ते पाहून ठरवायचं.

३. पक्ष्याच्या तोंडापुढे जागा सोडा. राखी बगळा डावीकडे बघत असेल तर डाव्या बाजूला मोकळं पाणी हवं. चोच चौकटीला टेकली की तो भिंतीवर आदळणार असं वाटतं. होडी आणि चालणारा माणूस यांनाही हेच लागू.

४. खाली बसा. काठावर उभं राहून फोटो काढला की पक्षी चिखलात चिकटल्यासारखा दिसतो. गुडघ्यावर बसलात की पक्ष्याच्या डोळ्याची उंची मिळते आणि त्याच्यामागचं पाणी लांबपर्यंत पसरतं. एवढ्या एका बदलाने फोटोत जितका फरक पडतो, तितका महागड्या मोबाईलनेही पडत नाही.

५. चारही कडा तपासा. आपलं लक्ष मधल्या पक्ष्याकडे असतं. कडेला विजेची तार, मोटारीचा पाईप, अर्धी कापलेली होडी, मित्राचं बोट असं काय काय आलेलं असतं. बटण दाबण्याआधी नजर एकदा चौकटीच्या कडेने फिरवा.

आणखी एक. लांबचा पक्षी जवळ दिसावा म्हणून दोन बोटांनी चित्र ताणू नका. बहुतेक साध्या मोबाईलमध्ये त्यामुळे चित्र फक्त मोठं आणि भुरकट होतं. त्यापेक्षा पक्षी छोटाच राहू द्या आणि त्याच्या भोवतालचा काठ, जलपर्णी, होड्या यांचा फोटो करा. पक्षी कुठे राहतो तेही त्यात दिसतं.

भाग २ : प्रकाश, उजनीच्या पाण्याच्या हिशोबात

प्रकाशाचं गणित पुस्तकात वाचलं की अवघड वाटतं. पण सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ते आधीच येतं, फक्त पाण्याच्या भाषेत. उजनीतून इतके क्युसेक विसर्ग सुरू, साठा इतके टीएमसी, अशा बातम्या आपण रोज ऐकतो. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय ते. टीएमसी म्हणजे एकूण पाणी, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे.

आता हिशोब करा. साधारण ११,६०० क्युसेकने २४ तास पाणी सोडलं की एक टीएमसी पाणी जातं. तेच पाणी १२ तासांत सोडायचं असेल तर? विसर्ग दुप्पट करावा लागेल, २३,२०० क्युसेक. एकूण पाणी तेवढंच.

कॅमेऱ्यात नेमकं हेच घडतं. दरवाजा किती उघडा आहे ते म्हणजे अ‍ॅपर्चर. किती वेळ उघडा ठेवला ते म्हणजे शटरचा वेग. दोन्ही मिळून आत किती प्रकाश आला ते ठरतं, त्याला एक्स्पोजर म्हणतात. प्रकाश जास्त झाला तर फोटो पांढराफटक, कमी पडला तर काळपट.

शटरचा वेग अपूर्णांकात लिहितात: १/२५० सेकंद, १/५०० सेकंद, १/१००० सेकंद. इथे मुलं हमखास अडखळतात. ५०० हा आकडा २५० पेक्षा मोठा, म्हणून १/५०० हा वेळ जास्त असं त्यांना वाटतं. एका भाकरीचे २५० तुकडे केले आणि ५०० तुकडे केले तर कुठला तुकडा लहान, असं विचारलं की लगेच उलगडतं. म्हणजे १/५०० सेकंदात १/२५० च्या निम्माच प्रकाश येतो. गणिताच्या तासालाही हे उदाहरण वापरा.

मग कमी वेळ ठेवायचा कशाला? हालचाल थांबवायला. उथळ पाण्यात स्तब्ध उभ्या असलेल्या बगळ्याला १/२५० पुरतं. उडणाऱ्या पक्ष्याचे पंख स्पष्ट हवे असतील तर १/१००० किंवा त्याहून कमी वेळ हवा. आपण स्वतः डुलणाऱ्या होडीत बसलो असलो तर आपली हालचालही त्यात धरायची.

तिसरी गोष्ट आयएसओ. त्याने बाहेरून येणारा प्रकाश वाढत नाही. आलेला थोडा प्रकाश कॅमेरा आतल्या आत वाढवून दाखवतो, रेडिओचा आवाज वाढवावा तसा. आवाज मोठा होतो, पण खरखरही मोठी होते. पहाटेच्या अंधारात काढलेल्या मोबाईल फोटोत जे रंगीत दाणे दिसतात ती ही खरखर.

बहुतेक मोबाईलमध्ये अ‍ॅपर्चर कायम ठरलेलं असतं. मोबाईल शटर आणि आयएसओ बदलत राहतो. 'प्रो' मोड असेल तर ते आपल्या हातात घेता येतं. नसेल तरी पडद्यावर पक्ष्याला बोट लावा, शेजारी छोटा सूर्य दिसेल. तो वर सरकवला की फोटो उजळतो, खाली सरकवला की गडद होतो. सुरुवातीला एवढं हत्यार पुरेसं आहे.

आणि वेळ महत्त्वाची. आपल्याकडचं दुपारचं ऊन डोक्यावरून येतं. डोळ्यांखाली, टोपीखाली काळ्या सावल्या पडतात आणि पाणी आरशासारखं चमकतं. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास-दीड तास आणि मावळण्याआधीचा तेवढाच वेळ, यात प्रकाश आडवा आणि मऊ असतो.

भाग ३ : एकच पांढरा बगळा, पण सल्ले दोन

इथे या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो, म्हणून सावकाश वाचा.

कॅमेऱ्याला समोर बगळा आहे की कोळसा, हे मुळात कळत नसतं. समोरच्या दृश्याचा उजेड सरासरीने मध्यम असावा, ना फार उजळ ना फार गडद, असं धरून त्याचा मीटर चालतो. नवे मोबाईल दोन-तीन फोटो जोडून बरंच सावरून घेतात, तरीही मूळ सवय तीच.

पहिला प्रसंग. सकाळचं धुकं आहे, पाणी पांढरट, आकाश पांढरट आणि चौकटभर फिकट रोहित पक्षी. सगळंच उजळ. मीटरला वाटतं प्रकाश फार झाला, तो कमी करतो. फोटो मळकट राखाडी येतो. इथे सूर्य वर सरकवायचा, प्रकाश वाढवायचा.

दुसरा प्रसंग. गडद हिरव्या जलपर्णीसमोर एकच पांढरा बगळा, चौकटीत अगदी लहान. बहुतेक जागा गडद. मीटरला वाटतं अंधार आहे, तो प्रकाश वाढवतो. जलपर्णी छान दिसते आणि बगळ्याचा नुसता पांढरा डाग होतो, एकही पीस दिसत नाही. इथे सूर्य खाली सरकवायचा, प्रकाश कमी करायचा.

पक्षी दोन्हीकडे पांढरा, पण सल्ला अगदी उलट. आता समजा कुणीतरी दोन्ही फोटो पाहून म्हणालं, "पांढरा पक्षी असला की उजेड वाढवायचा असतो." एकाचा फोटो सुधारेल, दुसऱ्याचा आणखी बिघडेल. म्हणून प्रकाशावर बोलण्याआधी दोन प्रश्न विचारायचे: मुख्य वस्तूने चौकटीतली किती जागा घेतली आहे? आणि तिच्यामागे गडद आहे की उजळ?

काळ्या पक्ष्यांचंही असंच. आपल्याकडे वारकरी नावाचा पाणपक्षी आहे, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. अंगाची काळी पिसं दिसावीत म्हणून फार उजेड वाढवला तर टिळ्याची जागा कोरी होते. दोन्हीपैकी एक गमवायचं असेल तर टिळा सांभाळा. काळपट राहिलेला भाग नंतर थोडाफार उजळता येतो. पार पांढरा झालेला भाग परत येत नाही, कारण तिथे माहितीच उरलेली नसते.

भाग ४ : दुसऱ्याच्या फोटोवर बोलायचं कसं?

आमच्या वर्गातलं एक उदाहरण सांगतो. सहावीतल्या एका मुलीने वडिलांच्या मोबाईलवर फोटो काढून आणला. पहाटेची वेळ, होडीत उभे राहून जाळं फेकणारे एक काका, मागे सूर्य. काका पूर्ण काळे दिसत होते. वर्गातून लगेच आवाज आला, "काका काळे पडलेत, फोटो फेल!" ती गप्प झाली. मग तिला विचारलं, "तुला काय दाखवायचं होतं?" ती म्हणाली, "जाळं हवेत पसरतं ना, तो आकार."

आता पुन्हा फोटो पाहा. जाळ्याचा आकार दाखवायचा तर काका काळेच हवेत. चेहरा उजळायला गेलो असतो तर मागचं आकाश पांढरं पडून जाळ्याचे धागे त्यात विरले असते. प्रकाश तिने बरोबर ठेवला होता. खरी अडचण वेगळीच होती. पलीकडच्या काठाची काळी रेघ नेमकी काकांच्या डोक्यातून गेली होती आणि जाळ्याची एक कड चौकटीबाहेर कापली गेली होती. एका मुलाने सुचवलं, "खाली बसून काढ, म्हणजे डोकं आकाशात येईल." दुसरी म्हणाली, "थोडं मागे हो, जाळं पूर्ण येईल." या दोन वाक्यांवर तिला दुसऱ्या दिवशी काहीतरी करता येणार होतं. "फेल" या शब्दावर तिला काय करता आलं असतं? तिने बहुधा मोबाईल परत देऊन टाकला असता.

म्हणून आम्ही एक क्रम ठरवला आहे. तुम्हीही वापरून पाहा.

१. गप्प पाहणं. फोटो समोर ठेवल्यावर पूर्ण एक मिनिट कुणीच बोलायचं नाही.

२. काय दिसतं ते सांगणं. पाहणाऱ्यांनी आपली नजर आधी कुठे गेली, मग कुठे गेली, एवढंच सांगायचं. चांगलं-वाईट नाही. फोटो काढणाऱ्याने या वेळी गप्प राहायचं. आपल्याला दाखवायचं होतं ते लोकांना दिसलं का, हे त्याला इथेच कळतं.

३. काढणाऱ्याने हेतू सांगणं. "मला हे दाखवायचं होतं." एकच वाक्य.

४. एक जमलेली गोष्ट, कारणासह. "छान" चालणार नाही. काय छान आणि का, ते सांगायचं.

५. एक बदल, हाताने करता येईल असा. खाली बस, दोन पावलं डावीकडे सरक, अर्धा तास आधी जा, सूर्य थोडा खाली ओढ. एका वेळी एकच. दहा चुका एकदम सांगितल्या की पोरगं एकही सुधारत नाही.

६. पुन्हा काढणं. त्याच जागी, शक्यतो त्याच वेळी. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवायचे. कधी कधी पहिलाच बरा निघतो, तेही मान्य करायचं.

बोलण्याची भाषा बदलली की काय होतं, याचे काही नमुने:

- "फोटो वाकडा आलाय" याऐवजी "पाण्याची रेघ डावीकडे उतरली आहे."
- "पक्षी कुठंय?" याऐवजी "माझी नजर आधी तारेवर गेली, पक्षी नंतर दिसला."
- "अंधार आलाय" याऐवजी "होडीतली माणसं ओळखू येत नाहीत. तुला ती दाखवायची होती का?"
- "एक नंबर!" याऐवजी "शेकाट्याचे लांब पाय आणि पाण्यातलं त्यांचं प्रतिबिंब, दोन्ही पूर्ण आलंय. म्हणून आवडला."

पाहा, प्रत्येक वाक्य फोटोबद्दल आहे, काढणाऱ्याबद्दल नाही.

ज्याच्या फोटोवर बोलणं चाललंय त्यानेही एक पथ्य पाळायचं. लगेच कारणं द्यायची नाहीत. "तिथे जागाच नव्हती", "मोबाईल साधा आहे" हे खरं असेल, पण आधी ऐकून घ्यायचं. पटलं नाही तर सोडून द्यायचं. फोटो शेवटी त्याचा आहे.

आणि दोन व्यवहाराच्या गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो, त्याची बारीक नक्षी जाते. तो पाहून "फोटो भुरकट आहे" असं म्हणणं अन्याय होईल. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मूळ मोबाईलवरच पाहा. तसंच, उन्हात उभं राहून मंद पडद्यावर फोटो पाहिला की तो गडदच वाटतो. सावलीत या, पडद्याचा उजेड वाढवा, मगच प्रकाशावर बोला.

भाग ५ : सगळ्यात मोलाचं मत गावातच मिळेल

रचना आणि प्रकाश एवढ्यावरच फोटोची चर्चा संपत नाही. फोटोत जे दाखवलंय ते खरं आहे का, पुरेसं आहे का, हेही कुणीतरी सांगायला हवं. ते सांगणारी माणसं आपल्या गावातच आहेत. जाळ्याचा फोटो मासेमारी करणाऱ्या माणसाला दाखवा. जाळं कुठल्या माशासाठी आहे, चिलापी कुठे सापडते, हात कसा फिरायला हवा होता आणि बटण कुठल्या क्षणी दाबायला हवं होतं, हे ते एका वाक्यात सांगतील. त्यांना शटरचा वेग माहीत नसेल, पण तो क्षण त्यांच्याइतका कुणाला माहीत असणार?

उन्हाळ्यातल्या फोटोंना हे आणखीच लागू आहे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमेकाठची कितीतरी गावं त्याआधी उठली आणि वर नव्या गावठाणात वसली. तेव्हा घरोघरी कॅमेरा नव्हता. जुन्या गावाची वेस, चावडी, घाट, घरं कशी होती, याचे फोटो फार थोड्या कुटुंबांकडे असतील. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यात असतं आणि पाणी खूप खाली गेलं की उघडं पडतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये खोल गेली तेव्हा ते पाहायला लोकांची रीघ लागली होती.

अशा ठिकाणी फोटो काढताना नुसता 'भारी' फोटो पुरत नाही. तीन प्रकारचे फोटो घ्या: एक लांबून, जागा आणि पाणी कळेल असा. एक मधल्या अंतरावरून, पूर्ण भिंत किंवा मंदिर दिसेल असा, शेजारी एक माणूस उभा असलेला, म्हणजे उंची कळेल. एक जवळून, दगडावरच्या कोरीव कामाचा. कोरीव कामाला सकाळी किंवा संध्याकाळी बाजूने येणारा प्रकाश हवा, तरच सावल्या पडून खोली दिसते. भर दुपारी काळा दगड आणि पांढरं आकाश एका चौकटीत नीट येत नाही, म्हणून आकाश कमीत कमी घ्या.

मग हे फोटो घरी आजी-आजोबांना दाखवा आणि गप्प बसून ऐका. "ही भिंत देवळाची नव्हे, आमच्या वाड्याची" असं एखादी आजी म्हणाली तर ते मत कुठल्याही फोटोतज्ज्ञाच्या मतापेक्षा मोठं आहे. ते तारखेसह लिहून ठेवा. "पलीकडचा कोपरा का नाही काढलास?" असं तिने विचारलं तर पाणी चढण्याआधी पुन्हा जा. पुढच्या पावसाळ्यात ती भिंत पाण्याखाली जाईल. ज्यांनी जुनं गाव डोळ्यांनी पाहिलं ती माणसंही आता थकत चालली आहेत. मुलांनी आज काढलेला साधा, सरळ, नीट उजळलेला आणि मागे नाव-तारीख लिहिलेला फोटो उद्या गावाचं कागदपत्र ठरेल.

भाग ६ : फोटोपेक्षा मोठ्या गोष्टी

- रोहित पक्ष्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो, तिथे ते खाणं शोधतात. उडतानाचा फोटो हवा म्हणून त्यांच्यावर होडी घालू नका, ओरडू नका, दगड तर मुळीच नको. दुरून आलेल्या पाहुण्यांना ताटावरून उठवण्यासारखं आहे ते. असा फोटो चर्चेला आलाच तर पहिला प्रश्न हाच विचारा: "हे आपणहून उडाले की उडवले?"
- घरट्यांजवळ जाऊ नका आणि घरट्याची नेमकी जागा सगळ्यांना पाठवू नका.
- माणसांचा फोटो विचारून काढा. मासळी निवडणाऱ्या मावशींना तो फोटो दाखवा आणि जमलं तर एक छापील प्रत द्या.
- ओसरत्या पाण्याकाठचा गाळ वरून कोरडा दिसतो, आत पाय रुततो. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय मुलांनी पाण्याजवळ जायचं नाही. वारं सुटलं असेल तर होडीत बसायचं नाही. २१ मे २०२४ रोजी कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. ते आपल्याला विसरून चालणार नाही.

शिक्षक मित्रांसाठी थोडंसं

हा उपक्रम घ्यायला प्रत्येक मुलाकडे मोबाईल हवा असं मुळीच नाही. चौघांचा गट करा आणि गटाला एक मोबाईल द्या. एकाने फोटो काढायचा, दुसऱ्याने प्रकाश कुठून येतोय ते पाहायचं, तिसऱ्याने चौकटीच्या कडा तपासायच्या, चौथ्याने वहीत जागा, वेळ आणि हेतू लिहायचा. दर फोटोनंतर कामं बदलायची. मोबाईल मुलांच्याच हातात फिरत राहतो आणि मुलींच्या हाती तो कमी येतो, हे बहुतेक गटांत होतं. कामं बदलण्याचा नियम त्यासाठीच आहे.

मोबाईल नसेल त्या दिवशी जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून तळहाताएवढी चौकट कापा. ती डोळ्यासमोर धरून, पुढे-मागे करून 'फोटो' शोधायचा आणि तो शब्दांत लिहायचा. वर्णनलेखनाचा इतका चांगला सराव दुसरा नाही.

दिवस निवडायचा असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह उत्तम. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. ते सोलापूरचे. १२ नोव्हेंबर हा पक्षीतज्ज्ञ डॉ. सालीम अली यांचा. तेव्हा धरण भरलेलं असतं, त्यामुळे रोहित दिसतीलच असं नाही. पाणी उतरून उथळ जागा उघडी पडली की ते जास्त दिसतात. पण बगळे, पाणकावळे, खंड्या, शेकाटे हे विद्यार्थी गावातच हजर असतात.

सराव

१. एकाच होडीचे सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता तीन फोटो काढा. सावली कुठे पडली ते प्रत्येकाखाली लिहा.

२. पांढरी वस्तू काळ्या घोंगडीवर ठेवा आणि तीच वस्तू पांढऱ्या चादरीवर ठेवा. दोन्ही फोटोंत सूर्य कुठे सरकवावा लागला?

३. १/१२५, १/१०००, १/२५०, १/५०० हे अपूर्णांक लहानाकडून मोठ्याकडे लावा. पळणाऱ्या शेळीसाठी कुठला निवडाल आणि का?

४. मित्राचा एक फोटो घ्या. त्यावर तीन वाक्यं लिहा: नजर आधी कुठे गेली, काय जमलं आणि का, पुढच्या वेळी कुठला एक बदल. 'छान', 'भारी', 'मस्त' हे शब्द वापरायचे नाहीत.

५. घरातल्या वडीलधाऱ्यांना गावातल्या जुन्या जागेचा फोटो दाखवा. त्यांनी सांगितलेली, तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट लिहून आणा.

आता तुमच्या मोबाईलमध्ये एखाद्या ओळखीच्याने पाठवलेला फोटो नक्की असेल, ज्याला तुम्ही नुसता अंगठा दाखवला होता. तो पुन्हा उघडा, एक मिनिट गप्प पाहा आणि त्याला एक खरं वाक्य लिहून पाठवा. मग बघा, तो तुम्हाला पुढचा फोटो पाठवतो की नाही.

पुढच्या पाठात भेटूच.